पाने पिवळी पडली म्हणून खत वाढवण्याआधी: टँकरचे पाणी, टीडीएस पेन आणि गच्चीवरचे हायड्रोपोनिक्स

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकले असेल तर सांगता येईल. वाघोलीच्या सोसायटीत गच्चीवर हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावर रोपे वाढवायचा, ३६ छिद्रांचा पाइपचा संच आहे, खाली ४० लिटरची टाकी, पाणी टँकरचे. बहुतेक छिद्रांत लेट्यूस, काहींत बेसिल, चार छिद्रांत चेरी टोमॅटो. खत म्हणजे ए आणि बी अशा दोन तयार बाटल्या. इंटरनेटवरच्या एका तक्त्यात १४०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) लिहिले होते, म्हणून पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस पेनवर १४०० येईपर्यंत खत घातले. काही दिवसांत लेट्यूसच्या कडा करपल्या. नवी पाने पिवळी येऊ लागली, पण शिरा मात्र हिरव्याच. खत कमी पडत असेल असे वाटून आणखी घातले, वर चमचाभर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत) सुद्धा. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचे माप, रोज संध्याकाळी लिंबू पिळून ६ वर आणता, सकाळी तो पुन्हा ७.४. आणि शेवटी विचारले आहे: "नेमके किती खत द्यायचे?"

किती खत, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी घेणार आहे. तुमची रोपे उपाशी नाहीत. टाकीत सगळे भरपूर आहे, पण काही गोष्टी मुळांना घेता येत नाहीत, आणि क्षार इतके झाले आहेत की पाणी ओढतानाही मुळांची दमछाक होते आहे. दोन्हींचे मूळ बाटलीत कमी आणि टँकरच्या पाण्यात जास्त आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. माझी शेती मुळशीच्या बाजूला, शेडनेटखाली आहे. गच्चीवरच्या संचांना सल्ला देतो तेव्हा तीच आकडेवारी जशीच्या तशी वापरत नाही, कारण गच्चीवर फरशी तापते, टाकी लहान असते आणि वारा कोरडा असतो. खाली दिलेले आकडे सुरुवात करायला आहेत. चार दिवसांनी तुमचा मीटर तुम्हाला जे सांगेल ते माझ्या आकड्यांपेक्षा खरे समजा.

आधी तो १४०० चा आकडा. टीडीएस पेन क्षार मोजत नाही. ती पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी मोजते आणि तिला एका ठरलेल्या संख्येने गुणून पीपीएम दाखवते. घोटाळा असा की ही संख्या सगळीकडे सारखी नाही. काही पेन ईसी १ ला (म्हणजे १ मिलीसीमेन्सला) ५०० पीपीएम म्हणतात, काही ७००. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त पेनांपैकी बहुतेक ५०० वाल्या असतात. म्हणजे तुमच्या पेनवरचे १४०० म्हणजे ईसी २.८. तक्ता ७०० च्या पट्टीवरचा असेल तर त्याला अपेक्षित होते ईसी २.०. तक्ता पाळूनही तुम्ही दीडपटीच्या आसपास गेलात. आपली पेन कोणत्या पट्टीची आहे ते ओळखायचे असेल तर मीटर तपासायचे १४१३ मायक्रोसीमेन्सचे, म्हणजे ईसी १.४१३ चे, कॅलिब्रेशन द्रावण आणा आणि त्यात बुडवा. ७०० च्या आसपास दिसले तर ५०० ची पट्टी, ९९० च्या आसपास दिसले तर ७०० ची. त्यानंतर पीपीएम विसरून जा आणि फक्त ईसीत बोला. पेनवर बहुधा ईसीचे बटण असतेच.

त्यातून तो तक्ता मुळात लेट्यूससाठी असेल का, याचीच मला शंका आहे. "वाढीचा काळ", "फुलोऱ्याचा काळ" असे आठवड्यावार रकाने असलेले अमेरिका-कॅनडातले बरेच तक्ते गांजा पिकवणारे ग्राहक समोर ठेवून बनवलेले असतात. तिकडे अनेक ठिकाणी कायद्याने परवानगी आहे. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली परवान्याशिवाय ती लागवड गुन्हा आहे, तेव्हा तो विषय इथेच संपला. पण तक्ता मात्र फिरत फिरत लेट्यूसवाल्यांच्या हाती येतो. गांजाचे पीक खादाड, शिवाय बंद खोलीत, दिव्यांखाली, ठरावीक तापमानात घेतलेले. लेट्यूसला थंडीत ईसी १.२ ते १.६ पुरते. एप्रिल-मेमध्ये मी १.० च्या आसपास ठेवतो. तुमचे २.८ त्याच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त आहे. कडा करपल्या यात नवल नाही.

आता पाणी. पुण्यात तुम्ही कुठे राहता त्यावर तुमचे हायड्रोपोनिक्स अर्धे ठरते. महापालिकेचे पाणी खडकवासला साखळीतल्या धरणांचे, म्हणजे घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे. ते मऊ असते, ईसी सहसा ०.१ ते ०.२. त्यावर कोणतेही खत नीट चालते. फक्त क्लोरीन उडावा म्हणून बादलीत रात्रभर उघडे ठेवायचे, आणि गुरुवारी पाणी बंद राहिले असेल तर शुक्रवारचे पहिले गढूळ पाणी टाकीत घ्यायचे नाही. बोअरचे आणि टँकरचे पाणी वेगळे. टँकर बहुधा विहिरीवर किंवा बोअरवर भरतो. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. शिवाय आज एका विहिरीचे, उद्या दुसऱ्या, त्यामुळे आकडाही स्थिर नाही. खत न घालता नुसत्या टँकरच्या पाण्याचा ईसी मोजला आहे का? तुमच्या भागात ०.८ ते १.० आला तर मला आश्चर्य वाटणार नाही. ०.९ धरू. मग २.८ पैकी ०.९ हे रोपांनी मागितलेलेच नाही. आणि समजा तुम्ही लेट्यूससाठी १.२ वर आणायचे ठरवले, तर त्या पाण्यात खताला जागा उरते फक्त ०.३ ची. एवढ्यात रोपाला नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) पुरत नाही. म्हणून कठीण पाण्यात एक विचित्र गोष्ट घडते: खत जास्त दिसते आणि रोप तरीही अर्धपोटी राहते.

ईसी म्हणजे किराण्याच्या बिलाची बेरीज. रक्कम कळते, पिशवीत डाळ आली की नुसतेच मीठ ते कळत नाही. त्यामुळे पाण्याचे एकदा प्रयोगशाळेतून परीक्षण करून घ्या. माती-पाणी परीक्षण करणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत "सिंचनाच्या पाण्याची तपासणी" असे सांगितले की ईसी, पीएच, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि क्लोराइड एवढे कळते. यातला बायकार्बोनेटचा आकडा तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे.

आणखी एक गोष्ट सोसायटीच्या मॅनेजरला विचारा: गच्चीवरच्या नळाला येणारे पाणी सॉफ्टनर प्लांटमधून येते का? टँकरवर चालणाऱ्या बऱ्याच नव्या सोसायट्यांत तो असतो. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, गिझर टिकतो, सगळे खूश. रोपांना मात्र हवे होते ते गेले आणि नको ते आले. ईसी तेवढाच राहतो, म्हणून पेनवर काहीच वावगे दिसत नाही. असे पाणी संचात अजिबात घालू नका. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचे घ्या, ते परवडले.

टँकरच्या पाण्यावर उपाय म्हणजे ते पातळ करणे. स्वयंपाकघरातला आरओ असेल तर दोन भाग आरओचे आणि एक भाग टँकरचे, असे मिश्रण करा. आरओच्या पाण्याचा ईसी ०.१ धरला तर मिश्रणाचा येतो जेमतेम ०.४, आणि त्यात थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियमही राहते. ४० लिटरला साधारण २७ लिटर आरओचे पाणी लागेल, ते आदल्या दिवशी भरून ठेवता येते. मशीन खरोखर आरओ आहे ना एवढे बघा, कारण नुसते यूव्ही किंवा यूएफ असेल तर क्षार तसेच राहतात. जूनपासून पत्र्यावरचे किंवा शेडवरचे पावसाचे पाणी धरलेत तर आरओची गरजही उरत नाही. पहिले दोन-तीन पाऊस धूळ धुऊन नेतात, ते सोडून द्या.

आता पीएच रोज वर का जातो ते बघू. इथे पीएच आणि क्षारता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएच म्हणजे आत्ताची स्थिती. बायकार्बोनेटची क्षारता म्हणजे ते पाणी आम्लाला किती दाद देत नाही ते. तुम्ही आम्ल घालता, थोड्या बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, काही वेळ पीएच खाली दिसतो. रात्रभर पंप पाणी खळखळवतो, तो वायू उडून जातो आणि उरलेले बायकार्बोनेट पीएच परत वर ओढते. सकाळी टाकी खाली गेली म्हणून तुम्ही पुन्हा टँकरचेच पाणी भरता, म्हणजे नवे बायकार्बोनेट. हे चक्र आम्लाने थांबणार नाही, पाणी बदलून थांबेल.

लिंबू आणि व्हिनेगर तर सोडूनच द्या. सायट्रिक आणि ॲसेटिक आम्ल टाकीतल्या जिवाणूंना खाद्य आहे. ते खातात, पीएच परत चढतो आणि पाइपांत बुळबुळीत थर धरतो. शेतीच्या दुकानात मिळणारे फॉस्फोरिक आम्ल वापरा, पण तेही हात राखून. ८५ टक्क्यांच्या आम्लाचा एक मिलिलिटर ४० लिटरमध्ये साधारण ११ पीपीएम स्फुरद (फॉस्फरस) आणतो. निव्वळ टँकरच्या पाण्यातले बायकार्बोनेट मारायला ५-१० मिलिलिटर घालत बसलात तर पीएच जमेल, पण स्फुरद इतका होईल की तो कॅल्शियमबरोबर गाळ धरेल आणि लोह-जस्ताच्या आड येईल. मिश्र पाण्यात एक-दोन मिलिलिटरमध्ये काम भागते. हातमोजे आणि चष्मा घालून, आधी मगभर पाणी घ्यायचे आणि आम्ल त्या पाण्यात सोडायचे, उलट कधीही नाही. नायट्रिक आम्ल मोठ्या हरितगृहांत वापरतात, घरात मात्र ठेवू नका, लहान मुले असतील तर मुळीच नाही.

आणि पीएच ६.० वर खिळवून ठेवायची गरज नसते. ५.५ ते ६.५ मध्ये तो फिरू द्या. रोप नायट्रेट रूपातला नत्र खाते तेव्हा मुळे पीएच हळूहळू वर नेतात. म्हणजे ५.७ चा ६.३ झाला तर ते रोप जेवत असल्याचे लक्षण आहे, त्याला लगेच आम्ल पाजू नये. आज आम्ल, उद्या अल्कली अशी ओढाताण मुळांना साध्या ६.६ पेक्षा जास्त त्रासदायक असते.

तुमची पिवळी नवी पाने इथेच समजतात. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, आणि तेही कोवळ्या पानांवर, म्हणजे लोह मिळत नाही. बाटलीत लोह आहे, बहुधा ईडीटीए रूपात. पण ईडीटीए लोहाला साधारण ६.५ पर्यंतच धरून ठेवते. ७.४ ला ते सुटते आणि टाकीच्या तळाशी तांबूस गाळ होऊन बसते. तुम्ही आणखी दोन झाकणे घातलीत, तीही तिथेच गेली. पीएच सुधारला की आठवड्या-दहा दिवसांत नवी पाने हिरवी निघतील. जी पिवळी झाली आहेत ती पूर्ण हिरवी होतीलच असे नाही, त्यांच्यावरून निकाल लावू नका.

१९:१९:१९ बद्दल थोडे सविस्तर, कारण हे पाकीट जवळपास प्रत्येक नवशिक्याच्या घरी असते. ठिबकवर, मातीत, ते उत्तम खत आहे. पण त्यातला अर्ध्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू युरियाचे आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. स्वच्छ पाइपात ते जिवाणू पुरेसे नसतात, त्यामुळे तो नत्र बराच काळ नुसता पडून राहतो. त्यातून युरिया विद्युतभारित नाही, म्हणून तो तुमच्या पेनला दिसतच नाही. चमचाभर घातले आणि आकडा फारसा हलला नाही, असे झाले असणार. शिवाय त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नाही, आणि स्फुरद गरजेपेक्षा कितीतरी जास्त. तुलना करायची तर होगलंड आणि अर्नन यांचे १९३८ चे प्रसिद्ध द्रावण बघा, अजूनही अभ्यासक त्याचाच आधार घेतात: त्यात नत्र २१० पीपीएम आणि स्फुरद फक्त ३१. रोपाला स्फुरद नत्रापेक्षा खूपच कमी लागतो.

तयार बाटल्या संपल्या की सुटी खते घ्या, गुलटेकडीला मार्केट यार्डच्या आसपासच्या कृषी सेवा केंद्रांत सगळी मिळतात आणि बाटल्यांपेक्षा खूप स्वस्त पडतात. पालेभाजीसाठी मी शंभर लिटर पाण्याला असे धरतो: कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम, १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) चाळीस ग्रॅम, ००:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) वीस ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम आणि १२ टक्क्यांचे ईडीटीए लोह २ ग्रॅम. यातून साधारण नत्र १४५, स्फुरद ४५, पालाश २०५, कॅल्शियम ११३ आणि मॅग्नेशियम ३९ पीपीएम मिळते, आणि ईसीत सुमारे १.४ ते १.५ ची भर पडते. उन्हाळ्यात याच्या निम्मे ते दोन-तृतीयांश. फॉस्फोरिक आम्ल वापरत असाल तर ००:५२:३४ तेवढे कमी करा, स्फुरद दोनदा मोजला जाऊ नये.

सोयीसाठी घट्ट द्रावण करून ठेवायचे. एका लिटरच्या बाटलीत (ए) वरच्या शंभर लिटरच्या मापाचे कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, दुसऱ्या लिटरमध्ये (बी) बाकीची तिन्ही. वापरताना प्रत्येकातले १० मिलिलिटर लिटरभर पाण्याला, म्हणजे तुमच्या टाकीला पूर्ण ताकदीसाठी ४००-४०० मिलिलिटर. या दोन बाटल्या वेगळ्या ठेवण्यामागे कंपनीची चाल नाही. घट्ट द्रावणात कॅल्शियमची सल्फेटशी गाठ पडली की जिप्सम होते, स्फुरदाशी पडली की तोही खाली बसतो. म्हणून आधी टाकीत पाणी, मग ए, नीट ढवळून मग बी. लोहाची बाटली अंधारात ठेवा, लोहाला धरून ठेवणारे ईडीटीए उजेडात तुटते.

सूक्ष्म अन्नद्रव्यांत एक सापळा आहे. दुकानदार हमखास "ग्रेड २" हातात देतो. ते पानांवर फवारण्यासाठी बनवलेले मिश्रण आहे आणि त्यात लोहापेक्षा जस्त जास्त असते. पाण्यात मात्र लोह २-३ पीपीएम लागते आणि जस्त त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत. ग्रेड २ ने लोह पुरवायला गेलात तर जस्त आणि तांबे मुळांना त्रास देण्याइतके चढतात. हायड्रोपोनिक्ससाठी म्हणून मिळणारे मिश्रण घ्या, मात्रा पाकिटावरची, आणि ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा जवळ ठेवा. चमच्याने मोजून हे काम होत नाही.

आता ज्याला मी या सगळ्यातले खरे कौशल्य मानतो ते. एका वेळचा ईसी फारसे काही सांगत नाही. त्याची चाल बघायची, आणि तीही टाकीतल्या पाण्याच्या पातळीबरोबर. टाकीच्या आतून मार्करने लिटरच्या खुणा करा. रोज सकाळी एकाच वेळी, ऊन चढायच्या आत, पाणी भरण्याआधी दोन आकडे वहीत लिहा: पातळी आणि ईसी. पीएचही लिहा, पण तिसऱ्या रकान्यात.

पातळी उतरली आणि ईसी चढला, तर रोपे पाणी पीत आहेत आणि क्षार मागे टाकत आहेत. द्रावण त्यांना जड झाले आहे. नुसते आरओचे पाणी भरा, खत नको. पातळी उतरली आणि ईसी जवळपास तिथेच राहिला, तर जमले आहे, ज्या ताकदीचे द्रावण आहे त्याच ताकदीचे भरा. पातळी उतरली आणि ईसीही उतरला, तर ती भुकेली आहेत, ईसी ०.१ ते ०.२ ने वाढवा आणि दोन दिवस थांबा. पातळी उतरतच नाही आणि पाने दुपारी मान टाकतात, तर खताचा विचार बाजूला ठेवा आणि नेट पॉट (रोप बसवलेली जाळीची कुंडी) उचलून मुळे बघा. मुळे तपकिरी, चिकट, वास मारणारी असतील तर दुखणे वेगळे आहे.

बहुतेक नवशिके मीटरवर ठरलेला आकडा आला की समाधानी होतात आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा "बरोबर" करतात. त्यात रोपाने रात्रभर काय सांगितले ते पुसले जाते. तुमच्या टाकीचा ईसी गेल्या आठवड्यात आपोआप चढत होता का, हे आठवून बघा. माझा अंदाज, चढत होता.

लहान टाकीत एक मर्यादा मात्र येते. रोपे नको असलेले क्षार, विशेषतः सोडियम आणि क्लोराइड, मागे ठेवतात आणि ईसीच्या बेरजेत ते खतासारखेच दिसतात. म्हणून भरलेल्या पाण्याची बेरीज टाकीच्या क्षमतेइतकी झाली, तुमच्याकडे ४० लिटर, की सगळे द्रावण बदलायचे. थंडीत याला तीन आठवडे लागतील, मेमध्ये आठवडाही पुरेल.

उन्हाळ्यात ईसी कमी का, हे कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. ३८-४० अंशांत, पुण्याच्या कोरड्या वाऱ्यात, पानांतून पाणी भराभर उडते. रोप पाण्यासाठी धडपडत असते, आणि क्षार जितके जास्त तितके पाणी ओढणे अवघड. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतो आणि आतल्या कोवळ्या, मिटलेल्या पानांपर्यंत तो पुरेसा पोचत नाही. मग त्यांच्या कडा करपतात, टाकीत कॅल्शियम कितीही असला तरी. ईसी उतरवा, ५० टक्क्यांचे शेडनेट लावा, हवा खेळती ठेवा. दुसरी गोष्ट द्रावणाचे तापमान. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. प्राणवायू कमी, मुळांची गरज जास्त, आणि पिथियमसारख्या मूळकुजीला हेच हवे असते. टाकी उन्हातून हलवा, थर्माकोलच्या पेटीत बसवा, झाकण अपारदर्शक ठेवा म्हणजे शेवाळही धरत नाही. मत्स्यालयाचा एअर पंप आणि स्टोन लावा. दुपारी वीज जाते तेव्हा पातळ प्रवाहाच्या पाइपांत मुळे तासाभरातही सुकू लागतात, तेव्हा लहान इन्व्हर्टरवर पंप जोडता आला तर जोडा. खरे सांगायचे तर मेमध्ये गच्चीवर लेट्यूस घेऊच नये. बेसिल, पालक, पुदिना घ्या, लेट्यूसला ऑक्टोबर ते फेब्रुवारी ठेवा. पावसाळ्यात ढगाळ हवेत रोपे पाणी कमी पितात, तेव्हा ईसी थोडा वर, १.४ पर्यंत चालतो. उघड्या संचात पाऊस शिरून द्रावण पातळ करतो, तेवढे मात्र झाकायचे.

पानांवरून निदान करताना एवढेच लक्षात ठेवा की नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम रोपात हलवता येतात, त्यामुळे त्यांची कमतरता आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसते. कॅल्शियम, लोह आणि बोरॉन हलत नाहीत, त्यांची कमतरता नव्या पानांवर. निदान करण्याआधी पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, तपासून घ्या. त्याचे टोक आरओच्या पाण्यात बुडवून ठेवायची सवय अनेकांना असते, त्याने ते खराब होते. ते पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओले ठेवायचे.

टोमॅटो त्या संचातून काढा. त्याला फळावर ईसी २ ते ३ लागतो, लेट्यूसला त्याच्या निम्मा. एका टाकीत दोघांपैकी एक नेहमी नाराज. शिवाय भर उन्हाळ्यात एक मोठा टोमॅटो दिवसाला लिटरहून जास्त पाणी सहज पितो, चार टोमॅटो तुमच्या टाकीचा हिशेबच बिघडवतील. त्यांची मुळेही पाइप गच्च भरतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या बादल्यांत ती चारही रोपे छान येतील. कोकोपीट मात्र क्षार धुतलेले घ्या, किंवा घरी दोन-तीनदा धुऊन निथळवा.

तर या रविवारी करायचे ते असे. टाकी पूर्ण रिकामी करा, तळाचा तांबूस गाळ घासून काढा, पाइपांतून साधे मिश्र पाणी तासभर फिरवून तेही काढून टाका. दोन भाग आरओ आणि एक भाग टँकर असे ४० लिटर भरा आणि त्याचा ईसी लिहून ठेवा. त्यात तुमच्याच बाटल्यांतले ए आणि बी समान मापाने घाला, एकूण ईसी १.० ते १.१ होईपर्यंतच. अर्ध्या तासाने पीएच मोजा, ६.५ च्या वर असेल तर अर्धा-अर्धा मिलिलिटर फॉस्फोरिक आम्लाने ५.८ पर्यंत आणा. १९:१९:१९ कुंड्यांसाठी बाजूला ठेवा. मग चार दिवस फक्त पातळी, ईसी आणि पीएच लिहा, आणि ते आकडे इथे टाका. सोबत खत न घातलेल्या टँकरच्या पाण्याचा ईसी आणि सॉफ्टनर आहे की नाही ते कळवा. टँकर बदलला की तो आकडा पुन्हा घ्यायचा.

काढलेले जुने द्रावण गटारात सोडू नका. त्यात अजून नत्र आणि पालाश आहे. तिप्पट-चौपट साध्या पाण्यात मिसळून कढीपत्ता, जास्वंद, सोसायटीच्या बागेतल्या झाडांना घाला, मात्र त्याच कुंडीला रोज नको, आणि मधे एकदा नुसत्या पाण्याने कुंडी निथळू द्या. सॉफ्टनरच्या पाण्यात केलेले द्रावण असेल तर ते कुंड्यांनाही घालू नका.